सातव्या पंख्याचा अबोला

१

यंत्रांचीही हजेरी घेतली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कागदाच्या कारखान्यात ओला कागद वाळवण्याचा एक लांबलचक विभाग असतो. तिथली वाफ बाहेर फेकण्यासाठी मोठे पंखे असतात, आणि प्रत्येक पंख्याच्या मोटारीने किती वेगाने फिरावे हे ठरवणारी एक पेटी असते. तिला आम्ही ड्राइव्ह म्हणतो. हे सारे ड्राइव्ह एकाच जांभळ्या तारेत मण्यांसारखे ओवलेले असतात. नियंत्रण कक्षातला संगणक त्या तारेतून एकेकाला क्रमांकाने हाक मारतो. पाच, आहेस का? आहे. सहा, आहेस का? आहे. आपली पापणी लवण्याआधी ही हजेरी कित्येकदा होऊन गेलेली असते. ज्याची ओ येत नाही, त्याचा क्रमांक पडद्यावर लाल होतो आणि त्याखाली दोन शब्द उमटतात: संपर्क तुटला.

माणसांच्या घरात अबोला वर्षानुवर्षे नांदू शकतो. यंत्रांच्या घरात तो क्षणभरही खपत नाही.

ती जांभळी तार त्या कारखान्यात मीच ओढली होती. निवृत्त झाल्यावरही तिचे काही दुखले-खुपले की मला बोलावणे येई. म्हणून त्या सकाळी टपालचा फोन आला, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. टपाल हा तिथला वायरमन. कोणतीही बातमी त्याच्या पोटात जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही, म्हणून त्याला हे नाव पडलेले.

"मास्तर, सातवा बोलत नाहीये," तो म्हणाला.

"तार तपासलीस?"

"तुम्हीच या."

"अरे, कनेक्टर ढिला असेल. जरा दाबून तरी बघ."

"तुम्ही या ना, मास्तर." आणि त्याने फोन ठेवला.

टपाल इतके कमी बोलला, ही त्या दिवसातली पहिली न जुळणारी गोष्ट.

"कुठला बंद पडला?" आतून हिने विचारले.

"सातवा."

स्वयंपाकघरात चाललेला भांड्यांचा आवाज थांबला. पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

आमचा मुलगा त्याच कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करीत असे. त्याचा मृत्यू सातव्या पंख्यात झाला. त्यानंतर तारेच्या दुरुस्तीसाठी मी तिथे अनेकदा गेलो, परंतु सहाव्याच्या पुढे कधी गेलो नव्हतो. आणि मला तिकडे जावे लागू नये एवढी काळजी तिथली माणसे न सांगता घेत आली होती.

२

नियंत्रण कक्षात त्या पाळीच्या मुख्य इंजिनिअर, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, पडद्यासमोर उभ्या होत्या. बसायला खुर्ची होती, तरी त्या उभ्या होत्या.

"कधीपासून?" मी विचारले.

"पाळी बदलली तेव्हा होता. मी नोंद करायला वळले, परत पाहिलं तर लाल." त्यांनी माझ्याकडे पाहायचे टाळले. "मास्तर, पाणी घ्या आधी."

"पाणी नंतर."

माझी रीत अशी, की बिघाड कुठे नाही ते आधी ठरवायचे. सहावा उत्तर देत होता. आठवाही देत होता. तार सहाव्याकडून सातव्याकडे आणि तिथून आठव्याकडे जाते. ती मध्येच तुटली असती, तर आठवा मुका झाला असता. म्हणजे तार धड होती. तारेच्या टोकाला जो लहानसा अडथळा बसवलेला असतो, ज्याच्यामुळे हाकेचा प्रतिध्वनी मागे फिरत नाही, तोही मी जाऊन पाहिला. जागेवर होता. हाक सातव्याच्या दारापर्यंत व्यवस्थित पोहोचत होती. आतून कोणी उत्तर देत नव्हते, इतकेच.

"दोषच काढायचा तर तो सातव्याच्या पेटीतच आहे," मी म्हणालो.

"हो," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला हे ठाऊक होते."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. टपाल दारात उभा राहून हातातली पक्कड उघडझाप करीत होता. मी त्याला म्हटले, "काय रे, आज टपाल कचेरीला सुट्टी आहे का?" एरवी यावर त्याने दहा वाक्ये ऐकवली असती. तो फक्त बाजूला सरला आणि मला वाट करून दिली.

३

ड्राइव्हची खोली म्हणजे एक अरुंद बोळ आहे. एका बाजूला राखाडी रंगाची कपाटे, दुसऱ्या बाजूला पत्र्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे पंखे. खोली थंड ठेवलेली असते. भिंतीला हात लावला की पंख्यांची थरथर तळव्यात उतरते. पाचव्याजवळ ती उतरली. सहाव्याजवळ उतरली. सातव्याजवळ भिंत स्वस्थ होती.

कपाटावर पिवळी पाटी होती: आत उतरण्यापूर्वी मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावा आणि ड्राइव्हचा कनेक्टर काढून ठेवा.

या पाटीचे शेवटचे शब्द माझ्या मुलाने कधीच वाचले नव्हते. ते त्याच्यानंतर जोडले गेले.

मी कपाट उघडले. कनेक्टर ड्राइव्हमधून काढलेला होता. तो ढिला पडून निसटलेला नव्हता. त्याचे दोन्ही स्क्रू व्यवस्थित सोडवले होते. कागदाची धूळ आत जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती कापडाची पट्टी गुंडाळली होती, आणि पट्टीला सुरगाठ मारली होती, एका हिसक्यात सुटेल अशी. असे माझ्या मुलाखेरीज आमच्याकडे दुसरे कोणी करीत नसे. बाकीचे लोक कनेक्टर तसाच लोंबकळत सोडतात.

बुद्धी लगेच मदतीला धावली. तिने सांगितले, सुरगाठ कोणालाही मारता येते.

मग मी खाली पाहिले. मुख्य स्विच बंद होता, आणि त्याच्या कडीत लाल कुलूप होते. कारखान्यातली सगळी कुलुपे लाल आणि एकाच घडणीची असतात, म्हणून जो तो आपल्यावर काहीतरी खूण करतो. कोणी आद्याक्षर कोरतो, कोणी रंगाचा ठिपका लावतो. या कुलपावर कानशीच्या टोकाने मासा कोरलेला होता. एका रेघेत काढलेला, शेपटीपाशी रेघ थोडी पुढे गेलेली.

तो मासा मी त्याला आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून कोरताना पाहिले होते. रेघ पुढे गेली, कारण त्याच वेळी त्याच्या आईने त्याला हाक मारली होती.

४

"फोनवर कसं सांगणार होतो, मास्तर?" टपालच्या तोंडून अखेर शब्द फुटले. "तुम्हीच सांगा. जीभ रेटेल का?"

"कोणाची तरी थट्टा असेल," मी म्हणालो.

"मीही तेच म्हटलं. सगळ्यांना उभं करून विचारलं. शपथा घातल्या. मास्तर, इथे एकजण असा नाही जो अशी थट्टा करील आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवेल."

आमच्या धंद्यातला एक नियम इथे सांगितला पाहिजे. जो यंत्राच्या आत उतरतो, तो आपले कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घेऊन आत जातो. किल्ली एकच. कुलूप कडीत आहे याचा अर्थ माणूस आत आहे. ते कुलूप त्या माणसाशिवाय कोणी काढायचे नाही. साहेबाने नाही, बापाने नाही. माझा मुलगा गेला त्या दिवशी पाळी संपली होती, कागद खोळंबला होता, आणि कोणाला तरी वाटले की पोरगा कुलूप विसरून घरी गेला. कटर आणून कुलूप कापले गेले. दूरच्या खोलीत एकाने कळ दाबली, जांभळ्या तारेतून आज्ञा गेली, आणि सातव्याने ती पाळली. यंत्राचा त्यात काय दोष? त्याला जे सांगितले, ते त्याने केले.

या वेळी कुलपाबरोबर कनेक्टरही काढलेला होता. आज्ञा पोहोचायला वाटच ठेवलेली नव्हती. मरणानंतर लिहिलेला नियम मरणाऱ्याला कोण शिकवणार, असे मी स्वतःला विचारले, आणि मग वाटले, त्याच्याइतका तो नियम दुसऱ्या कोणाला कळलेला असणार?

मॅडमच्या हातातला फोन वाजला. मोठ्या साहेबांचा आवाज मला दोन हातांवरूनही ऐकू येत होता.

"एका कुलपासाठी अख्खा विभाग बंद? आत बघितलं ना?"

"बघितलं, सर. टॉर्च मारून. कोणी दिसत नाही."

"मग कापा की! कोणाचं आहे ते?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. त्या सकाळपासून पहिल्यांदाच. "ते… सांगता येत नाही, सर."

"पाळी सुटायच्या आत चालू झालं पाहिजे. नाहीतर मी माणूस पाठवतो कटर घेऊन."

फोन बंद झाला. मी भिंतीवर हात ठेवला. भिंत स्वस्थच होती, परंतु कान जवळ नेल्यावर तिच्या पलीकडून एक आवाज आला. खर्र. थोडे थांबून पुन्हा, खर्र. पंख्याच्या पात्यांवर कागदाचा लगदा सुकून बसतो. तो पत्रीने खरवडून काढावा लागतो. तो हा आवाज.

"ऐकलंत?" मी विचारले.

"सकाळपासून ऐकतोय," टपाल म्हणाला. "दार उघडलं की थांबतो."

मी मॅडमना म्हणालो, "पाळी सुटेपर्यंत या कुलपाला कोणी हात लावता कामा नये."

"मी इथेच उभी राहते," त्या म्हणाल्या. "माझ्या अंगावरून जावं लागेल त्यांना."

५

घरी हिने दार उघडले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून काही न विचारता आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पत्र्याची पेटी होती. पेटीत ते कापलेले कुलूप होते. मी ते हातात घेतले. वाकडी, दुभंगलेली कडी, अंगावर मासा, शेपटीपाशी पुढे गेलेली रेघ.

हे घरी होते. ते तिथे होते. दोन्ही खरी होती. माझ्याजवळ याचे स्पष्टीकरण नव्हते, आणि आजही नाही.

"किल्ली दे," मी म्हणालो.

ती किल्ली त्याच्या खिशात सापडली होती. तेव्हापासून हिच्या गळ्यात दोऱ्याला असे.

"कशाला?"

मी जे पाहिले ते सांगितले. जे ऐकले तेही सांगितले. ती रडली नाही. तिने ओट्याला पाठ टेकली आणि विचारले, "आवाज कसा होता? घाईघाईचा की सावकाश?"

"सावकाश."

"मग तोच. तुमच्यासारखा. अर्धं काम टाकून उठणार नाही, अन्न गार झालं तरी चालेल. तुम्हीच शिकवलंत त्याला हे."

"ते लोक संध्याकाळी कुलूप कापतील."

"पुन्हा?" ती म्हणाली. एवढा एकच शब्द.

तिने दोरा डोक्यावरून काढला. गाठ सुटेना, म्हणून दातांनी तोडला. किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही.

"तुम्ही उघडू नका हं ते. त्याच्या हातात द्या. त्याच्या वस्तूंना कोणी हात लावलेला त्याला खपत नसे."

"नियमही तसाच आहे."

"मी येऊ का?"

"नको."

"नकोच," ती म्हणाली. "मला बघितलं तर यायचा नाही तो बाहेर. 'आई, जा तू, आलोच' म्हणेल, आणि बसेल तिथेच खरवडत."

६

पंख्याच्या कोठडीला एकच दार आहे, कमरेएवढे. वाकून आत शिरावे लागते. आत पत्र्याचा गोल गाभारा, मध्ये आस, आसाभोवती पाती, आणि पलीकडे वाफ वाहून नेणारा बोगदा, जो थोड्या अंतरावर वळतो. वळणाच्या पुढे टॉर्चचा उजेड जात नाही.

मी दार उघडले. खरवडण्याचा आवाज थांबला.

आत उतरण्यापूर्वी हाक द्यायची, ही रीत. मी दिली. "आत कोण आहे?"

पत्र्यावरून पाण्याचा थेंब पडला. ओल्या कागदाचा आंबट वास आला. मी टॉर्च फिरवला. पाती स्वच्छ होती, आरशासारखी. मी इतकी स्वच्छ पाती कधी पाहिली नव्हती. फक्त सर्वांत वरच्या पात्याच्या टोकाला वितीएवढा लगदा उरला होता. त्याच्या कडेला पत्रीचे ताजे, ओले ओरखडे होते.

बुद्धी म्हणाली, सफाईची माणसे गेल्या आठवड्यात येऊन गेली असतील. मी तिला म्हटले, असेल.

मग मी टॉर्च विझवला. आपल्यासमोर कोणी काम करीत असेल आणि त्याला आपण पाहिलेले नको असेल, तर तोंडावर उजेड धरू नये. मी दारातच उकिडवा बसलो आणि पाठ भिंतीला टेकली. बराच वेळ काही झाले नाही. नंतर अंधारात पुन्हा सुरू झाले. खर्र. खर्र. माझ्या डोक्याच्या वर, हात पोहोचेल इतक्या जवळ. लगद्याचे कण माझ्या केसांवर पडत होते. मी ते झटकले नाहीत.

आवाज थांबला. कोणीतरी पत्री खाली ठेवली; ती ठेवली गेल्याचा बारीक आवाज मी ऐकला.

"झालं?" मी म्हणालो. "छान केलंस. एक कण ठेवला नाहीस. आता चल, बाळा. आई जेवायची थांबली आहे."

मी तळहात आत पसरला. किल्ली तळहातावर होती.

दारातून येणाऱ्या करड्या उजेडात मी जे पाहिले ते एवढेच: एक बाही, मनगटापाशी उघडी. बोटे, नखांत लगदा सुकून पांढरा झालेला. ती बोटे चाचपडली नाहीत. अंधारात आपली वस्तू कुठे आहे हे माहीत असलेला माणूस ती जशी उचलतो, तशी त्यांनी किल्ली उचलली. तेवढ्यापुरता माझ्या तळव्याला जो स्पर्श झाला, तो कसा होता हे मी कोणाला सांगितलेले नाही.

७

मी ड्राइव्हच्या खोलीत परतलो, तेव्हा कडी मोकळी होती.

"आत्ता होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "फोन वाजला, मी एकदाच मान वळवली. एकदाच."

"आणि तू?"

"मी डोळे मिटले होते, मास्तर," टपाल म्हणाला. "उघडे ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. पण क्लिक ऐकली मी. किल्लीनं उघडतात तशी. सावकाश."

नियमाप्रमाणे कुलूप निघाले की माणूस बाहेर आला. या नियमावर आमचा सगळा धंदा उभा आहे. परंतु कोठडीला दार एकच होते, त्या दारात मी बसलो होतो, आणि माझ्याजवळून कोणी बाहेर गेले नव्हते. मी परत जाऊन पाहिले. टॉर्च मारला. पाती, आस, पत्रा. कोणी नाही. पुढे तो बोगदा, आणि ते वळण.

बोगद्यात माणसाला जाता येत नाही. त्याच्या तोंडाशी जाळी आहे. जाळी जागेवर होती. मी ती हलवून पाहिली.

सुरगाठ मी ओढली. ती एका हिसक्यात सुटली. कापड घडी करून खिशात ठेवले, कनेक्टर बसवला, दोन्ही स्क्रू आवळले. मुख्य स्विच वर केला. ड्राइव्हचा छोटा पडदा उजळला, बाजूचा दिवा लाल झाला, काही वेळ लुकलुकला, जणू कोणी हाक ऐकून ओ द्यावी की न द्यावी या विचारात असावे. मग हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

मॅडम नियंत्रण कक्षात गेल्या होत्या. भिंतीवरच्या फोनवर त्यांचा आवाज आला. "सात बोलतोय, मास्तर. संपर्क आला."

"ठीक."

"मास्तर." त्या थांबल्या. "विचारावं लागतं मला. आत कोणी नाही ना?"

ज्याने आत जाऊन पाहिले असेल, त्यानेच याचे उत्तर द्यायचे असते. टपाल माझ्याकडे पाहत होता. मी मोकळ्या कडीकडे पाहिले.

"कोणी नाही," मी म्हणालो.

सातवा फिरू लागला. मोठे पंखे एकदम वेग घेत नाहीत. आधी नुसते अंग हलवतात. भिंतीवर ठेवलेल्या माझ्या हाताला ती पहिली थरथर लागली, आणि त्याच वेळी आतून एकदा आवाज आला. खर्र. एकदाच. मग वेग वाढला आणि त्या घुमण्यात दुसरे काही ऐकू येईनासे झाले. सुटलेला लगदा पत्र्याला घासला असेल. असे होते. मी आयुष्य पंख्यांत घालवले आहे, असे होते.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हे उतरत होती. ही अंगणात उभी होती. गळ्यात दोरा नव्हता, तरी बोटे तिथेच चाळवत होती.

"दिलीत?"

"दिली."

"घेतली त्यानं?"

"घेतली."

तिने माझ्या केसांतून लगद्याचा एक कण काढला. बोटांत धरून पाहिला.

"बाहेर आला ना तो?"

"कुलूप निघालं होतं," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी."

मी आत जाऊन दार लोटू लागलो. "राहू द्या उघडं," ती म्हणाली, आणि उंबऱ्याशीच बसली. वारा कारखान्याकडून येत होता. त्यात सगळ्या पंख्यांचा मिळून एकच घुमारा होता. त्यातला सातवा कोणता हे कोणालाही सांगता आले नसते. ती मान किंचित कलती करून त्यातला एकच ऐकत होती.

त्यानंतर सातव्याची तक्रार आलेली नाही. कारखान्यातला तो सर्वांत भरवशाचा पंखा आहे, असे टपाल सांगतो. पडद्यावर त्याचा क्रमांक कधी लाल होत नाही. संगणक रोज, पापणी लवण्याआधी कित्येकदा, त्याला विचारतो: सात, आहेस का?

आणि प्रत्येक वेळी उत्तर येते: आहे.